सव्विसावा दाणा

कुशिरोत फेब्रुवारीत पाच वाजायच्या आत अंधारतं.
आम्ही दिवे त्याच्याही आधी मालवतो,
ह्याला उजेड सोसत नाही म्हणून.

हे म्हणजे काय, ते मला धड सांगता येत नाही.
झाड नाही, जनावर नाही, बुरशीसुद्धा नाही,
नाव तेवढं बुरशीचं चिकटलंय.
एकच पेशी, तळहातभर पसरलेली,
गरम भातावर कच्चं अंडं फोडावं तशी पिवळी.
डोकं नाही. पोटानेच विचार करतं.

मी आगर ओतलं, जिल्ह्याच्या आकाराचं.
किनारा चाकूने कापला.
डोंगर होते तिथे उजेडाचे ठिपके पाडले
आणि पंचवीस स्टेशनांवर चिमट्याने ठेवले
ओटचे पंचवीस दाणे.
रेल्वेला विचारायचं होतं
कुठले रूळ नसले तरी चालेल.
संगणकाने ते आधीच सांगितलं होतं.
पण यंत्राने सांगितलं की लोक चिडतात,
एखाद्या जिवाने सांगितलं तर ऐकतील,
असं आमचे ओनोदेरा म्हणाले.
ते हसले नाहीत.

पहिल्या रात्री हे उधळ्यासारखं सगळीकडे गेलं.
दुसऱ्या रात्री हात आखडता घेतला.
जाडसर शिरा उरल्या, त्यांतून आतला रस
मिनिटभर पुढे, मिनिटभर मागे,
जसं कुणी दारापर्यंत जाऊन
किल्ली विसरली म्हणून परत येतं.
गेलं तिथे लाळ ठेवून जातं.
लाळ लागली की कळतं, इथे येऊन गेलोय, इथे काही नाही.
आठवण अंगाबाहेर ठेवायची ही रीत मला पटते.
मीही पाकिटांच्या पाठीवर लिहिते.

बॉयलर बघायला कुनिमात्सु येतात.
आधी सदतीस वर्षं रुळांवरचा बर्फ काढायचे.
लाल दिव्यात वाकून त्यांनी थाळी पाहिली
आणि विचारलं, हिराशिनाई कुठाय?

मी बोट ठेवलं. तिथे नुसतं आगर.
रोजचे प्रवासी शून्य पूर्णांक चार, मी म्हटलं,
एकाच्या खाली दाणा ठेवत नाही.
त्यांनी बोटांवर मोजलं.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
तो मी असणार, म्हणाले.
बहीण राहते तिथे. तोमिए.
ऐकू येत नाही तिला, नाहीतर फोन केला असता.

मी चिमटा त्यांच्या हातात दिला.
का दिला, ते टिपणात नाही.
हात थरथरला, दाणा थोडा समुद्रात पडला,
त्यांनी श्वास धरून तो किनाऱ्यावर आणला.

त्याला कुठे माहीत, तो मागाहून ठेवलाय?
त्याला कुठे माहीत, तोटा म्हणजे काय?
तिसऱ्या रात्री एक शीर निघाली, केसाहून बारीक,
रुळांच्या वाटेने नाहीच,
दलदलीतून, आडवी, अंग चोरत.
सकाळी दाणा पिवळा झाला होता.

अहवालात पंचवीसच गेले.
सव्विसावा मी शेवटच्या रकान्यात लिहिला,
जिथे सहसा खोलीचं तापमान लिहितात.
कुणी वाचला नसावा.
मार्चअखेर हिराशिनाईची पाटी उतरवली.

कुनिमात्सुंना मी गाळणकागदाचा एक तुकडा दिला,
त्यावर हे वाळवलेलं, नारिंगी खपलीसारखं.
मेलं नाहीये, सांगितलं,
पाणी मिळेपर्यंत वर्षभरही थांबेल.
त्यांनी तो टोपीच्या अस्तरात सरकवला
आणि बॉयलरचं बिल पुढे केलं.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी प्रयोगशाळेत फोन आला.
नंबर अनोळखी, मागे वारा,
मग त्यांचा आवाज, उगाचच मोठा,
घरात कुणाला ऐकू येत नसलं की होतो तसा.
बसने आलोय, म्हणाले, दोनदा बदलून.
तोमिएने त्या कागदावर चहा सांडला.
जागं झालंय.
बशीच्या काठावर चढतंय.
ती हलायला तयार नाही तिथून.
ओट नाहीत हो इथे, दुकानही बंद झालंय,
भात चालेल का?