सुताला कान

गुरुवारी हिप्परग्याच्या तळ्यावर
राजमल्लू पाण्याकडे पाठ करून बसतो.

मी जुन्या स्लिपरचा निळा तुकडा कापून,
भोक पाडून आणला होता, पाण्यावर तरंगायला.
त्यानं तो विडीसारखा कानामागं अडकवला
आणि हसला.

छत्तीस वर्षं साच्यावर.
चादरीचे सोळा माग एका पत्र्याच्या शेडमध्ये.
डावा कान तिथंच राहिला. उजव्यात येतो
तुळजापूर रोडवरचा एखादा ट्रक,
तोही हॉर्न दाबून धरला तर.
त्याच्याशी बोलायचं म्हणजे आधी
खांद्यावर बोट टेकवायचं.

म्हणून तो तंगूस ऐकतो.
तर्जनीच्या पेरावर आडवा घेतलेला,
बाकीचा हात झोपल्यासारखा.

"चिलापी आहे बे. टोचा मारती नुसती.
मंगळवार बाजारातल्या बाईवानी,
घेत पण नाही, सोडत पण नाही."
"हा खेकडा. ओढतोय बघ, लाज नाही."
मग कधी एकदम गप्प होतो
आणि मला कळतं, खाली शिंगटा आलाय.

शिंगटा टोचत नाही. ओढत नाही.
गाळात पोट टेकून पडलेला असतो,
तोंडाशी आलेलं गिळतो, तिथंच राहतो.
दोरा फक्त जड होतो,
खळीत भिजलेल्या सुताएवढा.

पाणी मागं सरकलंय यंदा.
काठ म्हणजे भेगाळलेला गाळ, शिंपल्या,
एक चप्पल, कुणाच्या तरी गणपतीची लाकडी चौकट.
बुडालेल्या बाभळींचे खुंट वर आलेत.
"खुंटाच्या पलीकडं टाक. अलीकडं कोण राहतंय?"
कणकेत हळद, ठेचलेला लसूण
आणि आणखी एक काहीतरी, जे तो
माझ्याकडे पाठ करून मिसळतो.

एकदा त्यानं तंगूस माझ्या बोटावर दिला.
"आगु," म्हणाला. घाईत त्याचं तेलुगू येतं.
थांब.
मी थांबलो. काहीच नव्हतं.
वारा, माझीच नाडी, दूर काठाजवळ
कुणीतरी म्हैस धूत होतं.
मग वजन आलं.
किंवा मला वाटलं, आलं.
मी हिसका दिला.

तुटलेला दोरा परत येतो तेव्हा
किती हलका असतो!
तो काही बोलला नाही. नवा गळ घेतला,
दोन टोकं एकावर एक, अंगठा फिरला,
गाठ बसली, उरलेलं दातानं तोडलं.
मागावरची गाठ, नजर तळ्यापलीकडं.
मी विचारलं, असं दिवसातून किती वेळा तुटायचं?
डाव्या बाजूनं विचारलं.
बोट टेकवायला हवं होतं. टेकवलं नाही.

दुपारी भाकरी, शेंगाचटणी,
थर्मासच्या झाकणातला चहा.
पाचपर्यंत चार चिलापी आणि एक शिंगटा,
मिशा अजून हलवणारा.
त्याचा काटा वाचवून त्यानं गळ काढला,
बाळाच्या तोंडातून बटण काढावं तसा.

मासे माझे. दर गुरुवारी माझेच.
लचव्वा गुरुवार करते, घरात चालत नाही,
आणि मागाला सुट्टी गुरुवारीच असायची.
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
मंगळवारी ये की, शुक्रवारी ये,
सांगून पाहिलं. "वार बसलाय," म्हणतो.
धोटा चुकून डागी निघालेल्या टॉवेलात
मासे गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवतो.

परतताना लुनावर मी मागं,
हातात दोन्ही काठ्या, टॉवेल ओला.
पुलाच्या अलीकडं, का कुणास ठाऊक,
मी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.
"बोल," तो म्हणाला.

बोलायचं काही नव्हतं.
बोट तसंच राहिलं.

त्यानं लुना हळू केली,
मान थोडी वळवली, पण मागं पाहिलं नाही.