पंधराचा निळा

व्हॅनमधल्या त्या भोकाला झाकण आहे, काळं, रबरी,
काठावर दोन दुधाचे दात उमटलेले.
पूर्वी म्हणे तिथं सिगारेट पेटवायची कांडी असायची.
माझ्याकडे तिथं मोबाइल पितो,
आणि होळीनंतर एक गुलाबी पंखा
मागच्या बाकाला शाळेपर्यंत वारा घालतो.

दोन्ही एकदम नाही.
रबाळ्याच्या सिग्नलला दीडशेत दोन तोंडांचा जोड मिळतो,
मी घेतलाही होता.
वायर बोटाला गरम लागली,
तशी काढून डब्यात टाकली, आणि डबा माळ्यावर.

सात मुलं, सात दप्तरं, सात बाटल्या.
बाटल्या आणि ते भोक यांच्यात हातभर अंतर.
डावं दार आतून उघडत नाही, तसंच ठेवलंय.
छतावरचा दिवा विझवला का, हे बघायला
रात्री मी अर्ध्या जिन्यातून परत येते.
एकदा राहिला होता, आणि सकाळी सातला
गाडी नुसती खोकली.
दोन बापांनी ढकलली, ऑफिसच्या कपड्यांत.
मी ते विसरत नाही. तेही विसरत नाहीत.

गुरुवारी, महापे ओलांडताना
पंखा थांबला.
आवाज नाही, वास नाही,
पाती दमल्यासारखी फिरत फिरत उभी राहिली.
मोबाइल तीन टक्क्यांवर, त्यात निहिराच्या आईचा फोन,
"कुठे पोच..." एवढ्यावर पडदा काळा.

सगळ्यांना घरोघर सोडून
तळवलीला गेले, हिरामण मढवीकडे.
पत्र्याची शेड, भिंतीवर बापाचा फोटो,
फोटोखाली मेलेल्या बॅटऱ्यांची रांग.
त्याने आधी चावी काढून माझ्या हातात दिली.
मग पेडलपाशी वाकून फ्यूज उपटला, उजेडात धरला.
निळा. आतली पत्री मधोमध तुटलेली,
केसाएवढी.
भोकात टॉर्च मारला आणि हसला.
"गल्ला केलाय गो कुणीतरी."
लोखंडी चिमटा नाही घेतला.
आइस्क्रीमची काडी घेतली, टोकाला चिकटपट्टी,
आणि वर आला एक रुपया,
कडेला काजळ लागलेला.

मी म्हटलं, वीसचा बसव की, परत परत यायला नको.
"नाय. पंधराच्या जागी पंधराच.
हा जळतो म्हणून वायर जळत नाय.
ह्याला दांडगा केलास
तर जळायची पाळी दुसऱ्याची."
पिवळा डबीत परत गेला.
वीस रुपये घेतले, वर एक निळा जादा दिला,
समोरच्या कप्प्यात ठेवायला.

येताना विचार करत होते,
आमच्या घरात पंधराचा कोण.
उत्तर यायच्या आत सेक्टर नऊचा स्पीडब्रेकर आला.

शुक्रवारी रुपया तळहातावर ठेवून
मागे वळले. कुणाचा?
सातही जण खिडकीबाहेर बघायला लागले.
मग निहिरा, पहिलीतली, पट्ट्याशी चाळा करत:
"तुम्ही फोनवर म्हणालात ना काकू,
व्हॅनचा हप्ता राहिलाय.
म्हणून मी व्हॅनलाच दिला."
शर्विल म्हणाला, "येडी, ती खाऊन टाकते."

रात्रभर जे जुळवलं होतं ते तरीही बोलले.
नाणं नाही, पिन नाही, पेन्सिलीचं टोक नाही,
ओलं बोट तर नाहीच नाही.
तेवढ्याच कडक आवाजात बोलले.
प्रत्येकाकडून वदवून घेतलं,
झाकण दाबून लावलं, पट्टे बघितले, निघाले.
आरशात ती दिसत होती. रडत नव्हती.
पंख्याकडे तोंड करून आ करत होती,
आवाज थरथरतो म्हणून.

रुपया तिने परत घेतला नाही.
पाच तारखेला हप्ता भरला, सहा हजार चारशे,
त्यात तो धरला नाही.
कप्प्यात आहे, त्या जादा निळ्याशेजारी.
कड अजून काळीच आहे,
अंगठ्याने घासून बघितली.