मोजणी

अल खोरच्या खाडीकाठी
मी मेलेली रोपं मोजतो.
शंभरातली एक्याण्णव.
उरलेल्या नऊ तिवरांचं पान
जिभेला लावून बघतो:
मीठच मीठ.
आत घेतलेलं पाठीवरून घामासारखं टाकायचं,
ही रीत त्यांना कुणी शिकवली नाही.
ज्यांना ती थोडी कमी जमली
ती माझ्या वहीत, डावीकडच्या रकान्यात.

शमसुद्दीन विचारतो, "ही नऊ हुशार का?"
हुशार कसली!
बियांच्या ढिगात मुळातच थोडं उणं-अधिक होतं,
ऑगस्टने त्यावर बोट ठेवलं.
पुढे बी धरायचं ते यांचंच.

माझी कातडी बावीस उन्हाळे रापली इथे.
आचऱ्याला मुलगी झाली
ती कोवळीच.

ब्याण्णव.
एक आत्ता मान टाकतंय.