कच्ची शिलाई

बाराशे मीटर मांजरपाट, हळदीत बुडवलेला,
मालवणीच्या माझ्या गाळ्यात मावेना
म्हणून निम्मा बाहेर, चहावाल्याच्या बाकावर.
तनाझबाई म्हणाल्या, मास्तर, टाके लांब घ्या,
भरती आली की सुटले पाहिजेत.
मी म्हटलं, पुन्हा सांगा.

चाळीस वर्षं लोक येतात ते
शिवण घट्ट मारा म्हणत,
पोरगं वाढतंय, आत दोन बोटं माया ठेवा म्हणत.
सुटण्यासाठी शिवा म्हणणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.

दिवस मनोरीच्या पास्कोल नाखवाने ठरवला,
बोटांवर मोजून:
अवस झाली, उधाणाचं पाणी, सुकती लांब जाईल,
साडेचार तास चिखल तुमचा.
नंतर त्याचा.
'त्याचा' म्हणताना हनुवटीने समुद्र दाखवला.

पहाटे साठ माणसं गुडघाभर गाळात.
कॉलेजची पोरं कापड उलटं धरत होती,
कोळणी त्यांना सुलट करत होत्या, पोरांनाही.
वर ड्रोन. त्याला काय दिसलं ते त्यालाच ठाऊक.
मला खालून दिसली एक पिवळी कड,
माझ्या चपलांपासून सुरू होऊन
डोळे पुरत नाहीत तिथवर गेलेली,
आणि तिच्यावर एक निवटी,
हळदीने पोट माखून घेत बसलेली.

पाणी आलं. आवाज न करता, शिवणीखालून.
जोड सुटत गेले, ठरल्याप्रमाणे,
तुकडे एकेकटे वर आले, होड्यांनी उचलले.
एक सोडून.

एकशे सतरावा जोड मी पक्का मारला होता,
दुहेरी, रात्री, कुणाला न सांगता.
का ते विचारू नका.
हात होता, मशीन होतं.

ते दोन तुकडे एकमेकांना धरून
तिवरांत जाऊन बसले
आणि पास्कोलची होडी त्यांत.
त्याने दिलेली शिवी मला समजली नाही, पोचली.

मग मीच उतरलो, दातांत ब्लेड धरून,
मांडीभर पाण्यात
माझीच शिवण उसवली.
चांगली बसली होती. वेळ लागला.

बाई काठावर होत्या, काही बोलल्या नाहीत.
बिलात एक जोड कमी लावला मी.

काल कुणी शाळेचा शर्ट घेऊन आलं.
मास्तर, माया किती ठेवलीत?
दोन बोटं, म्हटलं,
आणि पाणी कुठवर आलं असेल ते बघायला मान वळवली.
गाळ्यातून खाडी दिसत नाही.