काळी काच

दिवाळ्याच्या जेट्टीची शेवटची पायरी,
तिच्यावर ट्रायपॉडचे तीन पाय.
लेन्ससमोर काळी काच सरकवली, दहा स्टॉपची,
आणि खाडी गेली.
चौकट आधीच जुळवायची असते,
नंतर नुसता अंधारावर भरवसा.

दोनशे चाळीस सेकंद.
भरती खुंटांना धडका देत होती,
चिखलात निवट्या टणाटण उडत होत्या,
आणि हसुराम, हातात बॅटरी,
गुडघाभर पाण्यातून होडी ओढत
माझ्या चौकटीतून आरपार गेला.
थांबा म्हणायला तोंड उघडलं,
मिटलं.
खाडी त्याची.

पडद्यावर उमटलं ते असं:
साय धरलेलं पाणी,
ताठ काळे बांबू,
होडी नाही, माणूस नाही,
एक पिवळी रेघ फक्त, मध्येच अडखळलेली.

"पानी निजलाय," तो मागून वाकून म्हणाला.
"भरतीचा पानी निजतं का कंदी?
आन मी कय हाय?"

मी रेघेवर बोट ठेवलं.
तो बराच वेळ ती अडखळच बघत राहिला.
"दोर सुटलेला तवा," म्हणाला.

मग काच मागून घेतली,
एक डोळा मिटून दुसऱ्यापुढे धरली,
पलीकडच्या उलव्याचे दिवे
एकेक टॉवर करत विझवले,
पुन्हा लावले, पुन्हा विझवले.
हसला. परत दिली.

काचेवर अख्खा अंगठा,
खवल्याच्या चकाकीसकट.
पुसायचं फडकं खिशात होतं.

दुसरा फोटो
तसाच लावला.