साक्षीदाराची रेघ

पळून जायचं ठरलंय
सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी,
कारण सोमवारी हेरंबच्या डोळ्यांची तपासणी आहे
आणि बुधवारनंतर खोऱ्यात बर्फाचा अंदाज.

डेन्व्हरपासून साडेसहा तास.
शेवटच्या घाटाला कडेला कठडाच नाही,
कारण म्हणे हिवाळ्यात
बर्फ ढकलायला जागा लागते.
हेरंब म्हणाला, मी चालवीन.
म्हटलं, आधी डोळे तर तपासून घे.

सिल्व्हरटन.
चांदी संपली, नाव तेवढं राहिलं.
कचेरीतली बाई फोनवर म्हणाली,
तीस डॉलर, दोघांची ओळखपत्रं, बस.
भटजी नको, न्यायाधीश नको,
या राज्यात साक्षीदारसुद्धा नको,
तुमचं तुम्ही लावा.
मी तीनदा विचारलं.
तिसऱ्यांदा ती हसली,
म्हणाली, लोक कुत्र्याचा पंजा उमटवतात
साक्षीदाराच्या रेघेवर.

आमच्याकडे कुत्रा नाही.

यादी फ्रिजवर लावता येत नाही.
ईशानी रविवारी येते, दूध शोधताना वाचेल.
म्हणून ती साबुदाण्याच्या डब्यात,
उपास सोडल्यापासून तो कुणी उघडत नाही.
यादीत रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे,
अंतरपाटाला हेरंबचा मोठा रुमाल
(पण धरणार कोण?),
अक्षता खोडल्या आहेत: त्या कुरणात
बाहेरचा दाणाही टाकायचा नाही.
मुहूर्त सात चाळीस,
तेव्हा ऊन डोंगर उतरून
पिवळ्या ॲस्पेनांच्या कमरेपर्यंत येतं.

हेरंबला 'पळून' हा शब्द पटत नाही.
त्याचा डावा गुडघा बदललेला,
माझा उजवा बदलायचाय.
शिवाय मागे लागलंय कोण?
'सावधान' ऐकून एकजण
बोहल्यावरून पळाला होता म्हणतात.
आपण धापा टाकत बोहल्याकडे.

मुलं अडवणार नाहीत,
भीती तीच आहे.
मुलं हॉल घेतील.
त्याचा निषाद ड्रोन आणेल,
माझी ईशानी भाषण करेल,
त्यात 'दुसरी इनिंग' हे शब्द असतील
आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील
आमच्या धैर्याला.

मला कुणी धीट म्हणू नये.

मिरजेत, एकोणनव्वद साली,
कुंदाताई गेली पहाटे सव्वापाचच्या एसटीनं.
परसातल्या भिंतीवरून पिशवी मी दिली होती.
दोन साड्या, बारावीची मार्कलिस्ट,
आणि घाईत माझाच नवा कंगवा,
हिरवा, जत्रेतला.
अण्णांनी तिच्या नावानं अंघोळ केली.
पाणी मी काढून दिलं.
कढत, त्यांना लागतं तसं.
कुणी मला विचारलं नाही
आणि दहा महिन्यांनी
मी दाखवलेल्या ठिकाणी मुकाट्यानं उभी राहिले,
डोक्यावर अक्षता घेत,
दारात सनई.

परवा रात्री तिला फोन केला, हुबळीला.
इतक्या वर्षांत वाढदिवस, बारसं, औषधं
सगळं बोललो आम्ही,
ती पहाट सोडून.
सगळं ऐकून ती गप्प राहिली.
मागे कुकरची शिट्टी झाली,
तिनं गॅस बंद केला असावा.
मग विचारलं,
पिशवी कोण देतंय गं तुला?

म्हटलं, गाडीनं जाणार आहोत, ताई,
डिकी आहे.

तरी कुणीतरी द्यायला हवी, म्हणाली.
आणि तुझा कंगवा माझ्याकडेच आहे.
चार दात गेलेत.
कुरिअर करते.

सोमवारी पोचेल म्हणतात.

कचेरीत पुन्हा फोन करायला हवा.
विचारायला हवं त्या बाईला,
पंजा चालतो तर
कंगव्याचे उरलेले दात
शाईत बुडवून टेकवले
तर चालतील का
त्या रेघेवर.