जोडपान

हरारच्या तटबंदीआत, शिंप्यांच्या गल्लीवरच्या माडीत
आमचा वर्ग. सहा मुलं, चार दाभणं,
आणि पातेल्यात पिठाची खळ, जी आज पुन्हा करपली
कारण ढवळायची पाळी माहिरची होती.

दोऱ्याला मेण लावा, मी म्हणते,
बोटांत कुरकुरला पाहिजे.
दुमडीच्या पोटात शिरा, पाठीवर या,
आता गाठ शेजाऱ्याशी.
मुलं हसतात. शेजाऱ्याशी म्हणे गाठ.

इफ्तूनं आज कोरे कागद आणले नाहीत.
पिशवीतून काढली आजोबांच्या दुकानाची खतावणी:
कणा उसवलेला, कोपरे झुरळांनी खाल्लेले,
रॉकेलचा वास, आणि मीठ, साखर, काडेपेट्या
निळ्या शाईत, गिऱ्हाइकांच्या नावानिशी.
"दुकान गेलं," ती म्हणाली, "वही राहिली."

फर्मे सुटे केले, तिनंच वाटले, प्रत्येकाला एक.
बराच वेळ नुसता घड्या दाबल्याचा आवाज,
खालून शिवणयंत्रांची खडखड.
मग रेदवानचा हात थांबला.

अकरा किलो साखर. तेलाचे दोन डबे.
पुढे त्याच्या आजोबांचं नाव.
वरच्या-खालच्या ओळींवर काट मारलेली,
या एका ओळीवर नाही.

त्यानं मान वर केली नाही.
पान माझ्याकडे सरकवलं, अगदी हळू विचारलं,
एक पान कमी असलं तर चालतं का, बाई?

मी काय सांगणार? मला येते तेवढी कारागिरी सांगितली:
हे पान म्हणजे अर्धाच कागद.
उरलेला अर्धा दुमडीपलीकडे आहे.
हे फाडलंस तर तो आज ना उद्या निखळणार,
आणि बोल लागेल माझ्या टाक्याला.

त्यानं पलीकडचं पान उलटून काढलं.
तेच अक्षर, जरा मोठं, जरा वाकडं:
आज मुलगी झाली. दिवसभर कॉफी फुकट.
हिशोब नाही. खाली शाईचा एक डाग.

इफ्तूची आई, कुणीतरी म्हणालं.
इफ्तू सुईत दोरा ओवत होती. ओवला जात नव्हता,
की तिला ओवायचा नव्हता, कोण जाणे.

रेदवाननं कागद मिटला, नखानं दुमड बसवली,
आणि दाभण घातलं, बरोबर मधोमध.
त्याचे टाके एरवी सैल पडतात.

वही आता दगडाखाली आहे. दोन दिवस उघडायची नाही.
कुठला फर्मा कुणाला, हे तिनं पाहून दिलं होतं का,
मी विचारलं नाही.
पातेलं घासायचं राहिलंय.
पाळी माहिरचीच.